मुख्य प्रधानांवर समन्स

११ जानेवारी १९३९, मलगड

आज मलगड संस्थानाला राज्यघटना मिळाली. वाड्यासमोरच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. राजेसाहेब स्वतः वाचणार होते, पण घसा बसल्याचं सांगून त्यांनी कागद कारभाऱ्यांच्या हाती दिला आणि खुर्चीत बसून कुत्र्याच्या कानाशी खेळत राहिले. मला त्याचं काही वाटलं नाही. सही त्यांची आहे, एवढं पुरे.

अठरावं कलम वाचलं गेलं तेव्हा अंगावर काटा आला. 'राजा, मुख्य प्रधान, मंत्री वा अधिकारी, कोणीही कायद्याच्या वर नाही. न्यायालयाने बोलावल्यास प्रत्येकाने हजर झाले पाहिजे.' हे वाक्य माझं आहे. बेळगावात, खडेबाजारामागच्या माझ्या बिऱ्हाडी आम्ही तिघे वर्षभर या मसुद्यावर बसलो. मी, मारुतीराव आणि परशराम मास्तर. तिघेही शाळेपासूनचे सोबती. प्रजा परिषदेच्या चळवळीत ते दोघे तुरुंगात गेले. मी वकील, बाहेर राहून त्यांचे अर्ज लिहीत होतो. आता मारुतीराव मुख्य प्रधान होणार. दुसरं नाव कुणाच्या तोंडी नाही.

आमचं भांडण झालं ते एकाच कलमावरून. आणीबाणीत मुख्य प्रधानाला न्यायालयाच्या हुकमावाचून माणूस अटकेत ठेवता यावा, असा मारुतीरावांचा आग्रह होता. वाडा उद्या गुंड घालून सरकार मोडेल, तेव्हा हातात काहीतरी हवं. मी ते लिहीत होतो तेव्हा परशराम म्हणाला, "हे कुणासाठी लिवाय लागलास, नेमगोंडा?"

"वाड्याच्या माणसांसाठी."

"आणि उद्या वाड्यात आपणच जाऊन बसलो तर?"

मारुतीरावांनी त्याच्या पाठीत थाप मारली. "माझ्यावर भरवसा न्हाय व्हय रं, मास्तर?"

"तुझ्यावर हाय की. तुझ्या मागनं येणाऱ्याचं काय?"

मग तिघेही हसलो आणि कलम राहिलं.

५ फेब्रुवारी

मला न्यायाधीश नेमलं. पद्मावतीला बेळगाव सोडायचं जिवावर आलं आहे. तिचं माहेर निपाणीचं, आणि इथे मलगडात दर्शनाला जैन बस्तीही लांब आहे. सामान बांधताना म्हणाली, "मारुतीभावजींनी नेमलं, म्हणजे तुम्ही त्यांचे झालात."

मी तिला समजावलं, की न्यायाधीशाला काढण्याचा अधिकार मुख्य प्रधानाला नाही, फक्त राजाला आहे, मुद्दाम तशी तजवीज केली आहे.

"आणि राजाला सांगणार कोण?" असं विचारून ती भांडी कागदात गुंडाळत राहिली. बायकांना राज्यव्यवस्था समजावणं अवघड आहे.

१८ सप्टेंबर

विलायतेत लढाई सुरू झाली आणि त्याची झळ इथे आली. इंग्रजांच्या रेसिडेंटसाहेबांनी लष्कराच्या छावणीसाठी जागा मागितली. मारुतीरावांनी कारीकट्टीचा माळ देऊन टाकला. गावाची गुरं पिढ्यान्‌पिढ्या त्या माळावर चरत आली. गावाला विचारलं नाही म्हणून परशराम संतापला आहे. तो कारीकट्टीचाच.

संध्याकाळी मारुतीरावांना भेटलो. थकलेले दिसले. म्हणाले, "नेमू, हे लोकांचं राज्य गोऱ्यांच्या डोळ्यात सलतंय. वाडा तर टपूनच बसलाय. एक माळ देऊन राज्य वाचत असंल तर देऊ नको का?"

मला पटलं. परशराम शिक्षक आहे, त्याला राज्य चालवावं लागत नाही.

९ ऑक्टोबर

परशरामने गावकऱ्यांसह छावणीच्या कुंपणाच्या तारा तोडून गुरं माळावर सोडली. काल त्याला आणीबाणीच्या कलमाखाली धरलं. वाड्याच्या जुन्या पागेत कोठडी केली आहे, तिथे ठेवलं आहे.

आज सकाळी त्याची बायको मनुबाई घरी आली. दारातच उभी राहिली. "भावजी, तुम्ही न्यायाधीश. त्यांना सोडवा."

मी तिला बसवलं आणि समजावून सांगितलं, की या कलमात न्यायालयाला हात घालता येत नाही. कलम मीच लिहिलं असल्यामुळे नीट सांगता आलं. ती ऐकत होती, पण बघत होती पद्मावतीकडे.

५ नोव्हेंबर

मारुतीरावांकडे परशरामचा विषय काढला. म्हणाले, "मी काय त्याला हौसेनं आत ठेवलंय? एक ओळ लिहून दे म्हणावं, पुन्हा असं करणार न्हाय म्हणून. आजच सोडतो."

"तो लिहायचा नाही."

"मी सोता जातो उद्या. एका ताटात जेवलोय आम्ही. माझं ऐकंल तो."

मोठं ओझं उतरलं. हे आधीच व्हायला हवं होतं. दोघे समोरासमोर बसले की मिटेल.

७ नोव्हेंबर

परशराम गेला.

काल दुपारनंतर कोठडीत मेला. पहारेकरी रवळू याने काठी मारली म्हणतात, डोकं फुटलं. मला सकाळी कळलं.

कारीकट्टीला माती झाली. मारुतीराव लहान मुलासारखे रडत होते. तिरडीला खांदा दिला तोही डावा, कारण उजव्या हाताला फडकं बांधलेलं. मोटारीच्या दारात सापडला म्हणाले. मी हळद लावायला सांगितली. परतताना विचारलं, काल भेटलात का त्याला?

"कामातनं सवडच झाली न्हाय रं, नेमू," म्हणाले आणि मान फिरवली.

मला त्यांची दया आली. गेले असते तर परशराम वाचला असता. हे शल्य त्यांना जन्मभर खाणार.

मनुबाई रडली नाही. ती मारुतीरावांच्या त्या हाताकडे एकटक पाहत होती. दुःखाने माणूस असा दगड होतो.

२३ नोव्हेंबर

सरकारने रवळूवर खुनाचा खटला भरला. दुःखातही मला अभिमान वाटला. राजेशाहीत पहारेकऱ्याच्या हातून कैदी मेला असता तर कुणी विचारलं असतं? इथे सरकार आपल्याच माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं आहे. परशराम असता तर हेच म्हणाला असता.

पद्मावतीला हे सांगितलं. ती म्हणाली, "रवळूला सही करायला मास्तरांनीच शिकवली होती. तो कशाला मारेल त्यांना?"

मी म्हटलं, ते पुराव्यावरून ठरेल.

९ जानेवारी १९४०

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

डॉक्टरांनी साक्ष दिली, की जखम डोक्याच्या मागे आहे, काठीची वाटत नाही, दगडी कडेवर पडल्याची वाटते. सरकारी वकील लगबगीने उठले, पण मी डॉक्टरांना पुरतं बोलू दिलं.

मग रवळूला विचारलं, "तू मारलंस?"

"न्हाय, साहेब."

"मग कुणी?"

"मला म्हाईत न्हाय. मी कुलूप काढून भाईर गेलतो. भाईर जा म्हणाले."

"कोण म्हणालं?"

रवळूने सरकारी वकिलांकडे पाहिलं, मग खाली. त्याची बायको पोरींना घेऊन मागे बसली होती. पुन्हा विचारलं. तो मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मी सांगते." मनुबाई उठली होती. तिचं नाव साक्षीदारांत नव्हतं. मी तिला पुढे बोलावून शपथ दिली.

ती म्हणाली, "त्या दिवशी भाकरी घेऊन गेलते. पागेच्या दाराशी मारुतीरावांची मोटार हुती. शिपायानं मला भाईर बसवलं. आत दोघं भांडत हुते, ह्यांचा आवाज आणि त्येंचा. मग एकाचाच आवाज ऱ्हायला. मारुतीराव भाईर आले तवा हात उपरण्यात गुंडाळला हुता. मला म्हणाले, मास्तर झोपलाय, उद्या ये."



मी विचारलं, "हे आजवर का सांगितलं नाहीत?"

"फौजदाराला सांगितलं, त्येनं लिवून घेतलं न्हाय."

"माझ्याकडे यायचं होतंत."

"आलते की एकदा, भावजी. तुम्ही कायदा सांगितलासा."

पुढची तारीख देऊन मी उठलो. हळद लावा, असं मी त्यांना सांगितलं होतं.

१० जानेवारी

पद्मावतीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. ती नुसती म्हणाली, "आता काय करणार?"

"मारुतीरावांना समन्स काढीन. अठरावं कलम आहे."

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग जवळ येऊन बसली. "एक सांगू? रवळूवर पुरावा नाही. त्याला उद्याच सोडा. तेवढं नक्की तुमच्या हातात आहे."

"आणि परशरामला मारलं कुणी, हा प्रश्न?"

"तो राहू दे. मास्तर काही परत यायचे नाहीत. रवळूच्या पोरी लहान आहेत."

मी तिला म्हटलं, अर्धा न्याय हा न्याय नव्हे. साक्ष पुरी झाली, की रवळू सुटणारच आहे, चार दिवस उशिरा. पण त्या निकालात सत्यही असेल.

"चार दिवस," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

१३ जानेवारी

मारुतीराव आले. एकटेच. पद्मावतीने पाणी ठेवलं आणि आत गेली. त्यांनी पाण्याला हात लावला नाही.

"मनुबाई म्हणाली ते खरं हाय," त्यांनी एकदम सांगितलं. "तुझ्याशी खोटं बोलून झालंय एकदा, पुन्हा न्हाय बोलणार."

मी दार लोटून घेतलं.

"लिहून दे म्हणालो. तो म्हणाला, मारुती, तू राजा झालास. माझा तोल गेला. मुस्काटात मारली. उलटून मला धरायला आला, मी ढकललं. दगडी गव्हाणीवर पडला. मी उचलाय गेलो, रं. हात त्या कडेला कापला."

"डॉक्टर का नाही बोलावलात?"

त्यांनी तोंड ओंजळीत धरलं. तालमीत कसलेलं ते शरीर हुंदक्यांनी हलत होतं. आमच्या पोरवयात मला कुणी मारायला आलं, की हाच माणूस मधे उभा राहायचा. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि ठेवलाही. हे लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे.

मग ते सावरले आणि आवाज बदलला. "नेमू, समन्स काढू नको. मी पिंजऱ्यात उभा ऱ्हायलो की वाडा घटना गुंडाळतो. रेसिडेंटला तेच हवंय. बघा, ह्यांचं लोकराज्य म्हंजे खुनी माणसांचं राज्य. आपण तिघांनी केलेलं सगळं मातीत जाईल. परशरामचंबी."

"आणि रवळू?"

"त्याला तू सोड. पुरावा न्हाय म्हणून सोड. मी आड येत न्हाय."

पद्मावतीचेच शब्द. पण त्यांच्या तोंडून ऐकताना मला ते खंडणीसारखे वाटले. निरपराध माणूस सोडायची किंमत म्हणून अपराध्याला वाचवायचं. मी म्हटलं, "मारुती, घटना म्हणजे तू नव्हेस. ते कलम आपण कुणासाठी लिहिलं?"

उठता उठता ते म्हणाले, "तू लिहिलंस. मला ते भाषणापुरतं बरं वाटलं."

१५ जानेवारी

समन्सवर सही केली. 'मलगड संस्थानचे मुख्य प्रधान यांनी साक्षीसाठी जातीने हजर राहावे.' समन्स बजावायला पट्टेवाला तयार होईना, म्हणून शिरस्तेदाराला घेऊन मी स्वतः मारुतीरावांच्या फाटकापर्यंत गेलो. बाजारातले लोक दुकानं सोडून बघत होते. इतकी ताठ मान मी कधी धरली नसेल.

मारुतीराव येतील, असा माझा अजून विश्वास आहे. माणूस वाईट नाही. उभा राहून खरं बोलला तर लोक त्याला क्षमाही करतील आणि कलम जिवंत राहील.

२२ जानेवारी

मारुतीराव आले नाहीत. न्यायालयाभोवती वाड्याचे शिपाई होते. मी आसनावर बसून खटला पुकारला. रवळूला आणलं नव्हतं. त्याच्या जागी राजेसाहेबांचे कारभारी आले आणि त्यांनी उभ्यानेच हुकूम वाचला. सदर खटला या न्यायालयाकडून काढून विशेष न्यायाधीशाकडे दिला आहे, मुख्य प्रधानांच्या सल्ल्यावरून. मग दुसरा हुकूम. लढाईचा काळ पाहता राज्यघटना तहकूब केली आहे. हाही मुख्य प्रधानांच्या सल्ल्यावरून. मग तिसरा. घटनाच नाही, तेव्हा मुख्य प्रधान हे पदही नाही.

पहिल्या कागदावर राजेसाहेबांची सही मिळावी म्हणून मारुतीरावांनी दुसऱ्यावर सल्ल्याची सही दिली असणार. तिसऱ्याबद्दल त्यांना सांगितलं नसावं.

कारभारी मला म्हणाले, "आपण आमचं काम फार सोपं केलंत, साहेब." अतिशय अदबीने म्हणाले.

२१ मार्च, बेळगाव

पुन्हा खडेबाजारामागचं बिऱ्हाड. अशील येत नाहीत.

विशेष न्यायाधीशाने, म्हणजे वाड्यातल्याच एका माणसाने, रवळूला जन्मठेप दिली. मनुबाईची साक्ष घेतली नाही. डॉक्टरांची बदलली. अपिलाची सोय घटनेत होती, म्हणजे आता नाही. मी रेसिडेंटकडे अर्ज केला होता. संस्थानच्या अंतर्गत न्यायदानात लक्ष घालता येत नाही, असं उत्तर आलं.

दहा जानेवारीला मी रवळूला सोडू शकत होतो. दिवसभर हेच डोक्यात फिरतं. मी त्याला सोडलं असतं तर तो आज घरी असता, मारुतीराव खुर्चीवर असते, परशरामच्या मरणाचं सत्य दडून राहिलं असतं, आणि पुढच्या वेळी त्याच पागेत दुसरा कुणी मेला असता. असा हिशेब मी मांडतो. तो बरोबरही असेल. पण तो मी रवळूच्या जिवावर मांडला आणि त्याला विचारलंही नाही.

पद्मावती एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१९ मे

खडेबाजारात आज सभा होती. 'मलगडची घटना परत द्या.' वक्ते मारुतीराव. वाड्याने फसवलेले लोकनेते म्हणून त्यांना हारांनी झाकून टाकलं होतं. मी मागे उभा होतो. पद्मावतीही हट्टाने आली होती.

ते चांगले बोलले. राजाचा जुलूम, प्रजेचा हक्क. शेवटी त्यांनी अठरावं कलम शब्दशः म्हटलं. कोणीही कायद्याच्या वर नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबल्या तेव्हा बायकांच्या बाजूला मनुबाई उभी होती. कधी आली ते कळलं नाही. ती मोठ्याने म्हणाली, "मारुतीराव, समन्स आलतं तुमाला. का आला न्हाईसा?"

लोक ओरडू लागले. वाड्यानं पाठवलीय, खाली बसवा. कुणीतरी तिचा पदर ओढला. मारुतीराव हात जोडून, डोळे मिटून उभे होते.

माझ्या शेजारी पद्मावती फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही अजून उभेच आहात इथे?"

मी गर्दीतून पुढे गेलो आणि मनुबाईशेजारी उभा राहिलो. म्हणालो, "मी मलगडचा न्यायाधीश होतो. समन्स माझं होतं. रवळूचा निकाल द्यायचा राहिला, तो आता देतो. रवळू निर्दोष आहे. परशराम मास्तरांचा जीव कुणाच्या हातून गेला ते या व्यासपीठावरच्या माणसाने मला स्वतः सांगितलं आहे. त्यांना विचारा."

मारुतीरावांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मला खरोखर वाटलं, आता बोलतील. मग मागून कुणीतरी 'भारत माता की जय' म्हटलं, सगळ्यांनी ते उचललं, आणि मला एक बुक्की बसली. चष्मा गेला. मनुबाईने माझा हात धरून बाहेर काढलं. तिच्या कपाळातून रक्त येत होतं. पद्मावतीने आपला पदर फाडून तिथे बांधला.

व्यासपीठावर दुसरा वक्ता उभा राहिला होता.

२३ मे

आज सकाळी रवळूची बायको दारात आली. पोरी बरोबर होत्या. मलगडहून पहाटे चालत निघाली होती. हातात गाठोडं. सभेची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

तिने जोत्यावर बसून गाठोडं सोडलं. रवळूचा धुतलेला सदरा, धोतर, पटका.

"साहेबांनी निकाल दिला म्हणत्यात," ती हसून म्हणाली. "निर्दोष म्हणून सांगितलं, चार माणसांत. मग मालक कवा येणार? कुठल्या दाराशी थांबू?"

मी न्यायाधीशाच्या आवाजात काहीतरी सुरू केलं. अधिकारक्षेत्र, तहकुबी, असे शब्द आले. धाकटी पोर माझ्या तोंडाकडे बघत होती.

पद्मावतीने मला थांबवलं. ती तिच्याशेजारी बसली, सदरा हातात घेतला, त्याची घडी नीट केली आणि परत गाठोड्यात ठेवला.

"आधी पोरींना जेवू घालू," ती म्हणाली. "मग सांगते."